सुचलेलं टिपायचं कुठे, वहीत की फोनमध्ये?

बोरिवलीकर:
माझं ठाम मत झालंय की लोकलने नोकरीला जाणाऱ्याने वहीच्या नादी लागू नये. चर्चगेट फास्टमध्ये एक हात वरच्या कडीला, दुसरा छातीवरच्या बॅगेवर, पेन काढणार कधी? मी शाळकरी मुलांसाठी विज्ञानाच्या नाटुकल्या लिहितो आणि मला निम्म्या गोष्टी याच प्रवासात सुचतात, अंगठ्याने फोनवर दोन शब्द टाकतो आणि उतरल्यावर पुलावर उभं राहून बाकीचं मराठीत बोलून टाईप करतो. नंतर 'भिंगरी' शोधलं की तीन वर्षांपूर्वीची नोंद समोर. आणि खरं सांगू का, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहायचो, माझ्या कॉलेजपासूनच्या सात वह्यांचा लगदा झाला. अक्षर दिसत होतं पण पानं सुटी होत नव्हती. परत कागदावर भरवसा ठेवायची हिंमत नाही होत.

लालबागची:
वह्यांचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण पाणी फक्त कागदात शिरतं असं नाही ना. मी चार वर्षं एका अॅपमध्ये लिहीत होते, त्यांनी फुकट वापर जवळजवळ बंदच केला, सगळं बाहेर काढलं तर मजकूर एकीकडे आणि फोटो भलतीकडे. आणि शोधाचं म्हणाल तर शोधायला आधी आठवावं लागतं की आपण असं काही लिहिलं होतं! वही चाळताना जे शोधत नव्हतो ते हाताला लागतं. आमच्या आईचं कालनिर्णय बघा, चौकोनात दुधाचा खाडा, सिलेंडर कधी लावला, कोणाला काय द्यायचंय. स्वयंपाकघरात भिंतीवर आहे म्हणून दिवसातून दहा वेळा नजर जाते, घरातलं कोणीही वाचतं. फोनमधलं कोण वाचणार?

ठाणे_स्लो:
अॅप बंद पडायची भीती असेल तर ऑब्सिडियन बघा, २०२० मध्ये आलं. नोंदी साध्या टेक्स्ट फायली म्हणून तुमच्याच मशीनवर राहतात, उद्या ते गेलं तरी फायली नोटपॅडमध्ये उघडतात. एका नोंदीतून दुसरीकडे लिंक देता येते. निकलास लूमान म्हणून जर्मन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी हेच कागदावर केलं, जवळपास ९०,००० चिठ्ठ्या, प्रत्येकीला नंबर, आणि एकीवर दुसरीचा नंबर लिहिलेला.

लालबागची:
म्हणजे कागदावर झालं की! आणि हाताने लिहिलं की डोक्यात जास्त उतरतं, २०१४ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, लॅपटॉपवर नोट्स घेणारी मुलं शब्दन्‌शब्द उतरवत होती आणि समजून उत्तर द्यायच्या प्रश्नांत मागे पडली.

बोरिवलीकर:
तो अभ्यास सगळे पुढे करतात. २०२१ मध्ये दुसऱ्यांनी परत करून बघितला, टाईप करणारे जास्त शब्दशः उतरवतात एवढं तसंच निघालं, पण परीक्षेत हाताने लिहिणारे पुढे नव्हते. शिवाय ते व्याख्यान ऐकून नोट्स घेण्याबद्दल आहे, अंधेरी ते वांद्रे दरम्यान अचानक सुचलेल्या कल्पनेबद्दल नाही. ठाणे_स्लो, लूमान यांचं काम अभ्यासाच्या खोलीतलं, माझं गर्दीतलं. लिंका लावत बसलो तर नाटुकलं राहून जाईल.

पण न शोधता सापडण्याचा मुद्दा मला कालपासून सोडत नाहीये. रात्री पार खालपर्यंत नोंदी बघत गेलो, एक सापडली, 'पणती जवळ आणली की सावली एवढी मोठी का होते'. कधी लिहिली आठवत नाही, शोधलीही नसती कधी. आता टिपायचं फोनमध्येच, यावरून मी हलणार नाही, पण रविवारी आठवड्याच्या नोंदी पाठकोऱ्या कागदांवर उतरवून कपाटाच्या दाराला चिकटवून बघणार आहे.

लालबागची:
चिकटवा. आणि वरच्या खणाच्या उंचीवर, पाणी पोचणार नाही तिथे.