'अपात्र', 'अनर्ह' की 'बडतर्फ'?

कुतूहल: आमदाराला कोर्टाने शिक्षा ठोठावली की बातम्यांत 'अपात्र', 'अनर्ह', 'बडतर्फ', 'आमदारकी रद्द' असं सगळं एकदम येतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

बाराखडी: 'बडतर्फ' आधी बाजूला काढा. तो फारसीतला 'बरतरफ'. बडतर्फ होतो तो नोकर, आणि आमदार कुणाचा नोकर नाही (निदान कागदोपत्री). 'बडतर्फ' आणि 'अपात्र' यांचं नातं आहे ते वेगळंच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९ प्रमाणे भ्रष्टाचारासाठी किंवा राज्याशी बेइमानीसाठी बडतर्फ झालेला सरकारी नोकर बडतर्फीपासून ५ वर्षं निवडणुकीला अपात्र असतो. म्हणजे बडतर्फी हे अपात्रतेचं एक कारण झालं.

'अनर्ह' म्हणजे अन् + अर्ह. अर्थ 'अपात्र' हाच, फक्त कपडे सरकारी. पक्षांतरावरच्या १९८६ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमात तो नावातच आहे. 'निरर्ह' हिंदी कायद्यांत जास्त भेटतो. मराठीत 'अपात्र' पुरेसा. 'अपात्री दान' म्हणणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

तालुका कोर्ट: खरी चूक पुढे होते. 'दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा झाली तर अपात्र' असं सर्रास छापतात. त्याच अधिनियमाचं कलम ८(३) म्हणतं 'दोन वर्षांपेक्षा कमी नाही'. बरोबर दोन वर्षंही धरली जातात. सुरतच्या कोर्टाने मार्च २०२३ मध्ये राहुल गांधींना दोनच वर्षं दिली आणि खासदारकी गेली. एक दिवस कमी असता तर हे कलम लागलंच नसतं. कलम ८(१) च्या यादीतल्या गुन्ह्यांना मात्र ही दोन वर्षांची अट नाही, तिथे नुसता दंडही पुरतो.

कुतूहल: पण वरच्या कोर्टाने 'शिक्षेला स्थगिती' दिली की पद परत मिळतं ना?

तालुका कोर्ट: नाही, आणि हाच शब्द सगळ्यात घातक. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'शिक्षा निलंबित' म्हणजे तुरुंगवास थांबला, जामीन मिळाला. 'दोषसिद्धीला स्थगिती' म्हणजे दोषी ठरवणंच तूर्त गोठलं. अपात्रता दोषसिद्धीला चिकटलेली असते, त्यामुळे पहिलीने ती हलत नाही. काँग्रेसचे आमदार सुनील केदारांना २२ डिसेंबर २०२३ रोजी ५ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारीत उच्च न्यायालयाने शिक्षा निलंबित करून जामीन दिला, दोषसिद्धी तशीच राहिली, आणि २०२४ ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही. राहुल गांधींच्या बाबतीत ४ ऑगस्ट २०२३ ला दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली. ७ ऑगस्टला खासदारकी परत.

बाराखडी: 'अध्यक्षांनी अपात्र ठरवलं' हेही इथे चुकीचं. सभागृहाच्या अध्यक्षांचा तो अधिकार संविधानाच्या दहाव्या अनुसूचीतला, पक्षांतरासाठीचा. पूर्वी कलम ८(४) मुळे पदावरच्या सदस्याला तीन महिने आणि अपील केलं तर निकालापर्यंत अभय होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालाने ते गेलं. आता अपात्रता दोषसिद्धीच्या तारखेपासून. सभागृहाच्या सचिवालयाची अधिसूचना जागा रिकामी झाल्याचं फक्त जाहीर करते.

कुतूहल: मग 'सहा वर्षं बंदी' तरी बरोबर?

तालुका कोर्ट: अर्धवट. सहा वर्षं सुटकेनंतरची. दोन वर्षं पुरी भोगली तर एकूण आठ. 'शिक्षा भोगून सुटल्यावर आणखी सहा वर्षं' असं लिहा.