मदत हवी आहे: नदीकाठच्या नोंदी नेमक्या कशा ठेवायच्या?

नमस्कार मंडळी. येरवड्याजवळ मुळा-मुठेचा साधारण एक किलोमीटर काठ आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी चालतो. पक्षी मोजतो, पाण्याचा रंग-वास लिहून ठेवतो. वही भरत चालली आहे, पण या नोंदी अभ्यासकांच्या उपयोगी पडाव्यात अशी फार इच्छा आहे.

अडचण मोजणीची. गेल्या रविवारी जलपर्णीच्या कडेला शेकाट्यांचा थवा होता. मी ४० मोजले, मैत्रिणीने ५५. अशा वेळी वहीत काय लिहायचं? दोन्ही आकडे, की एकानेच मोजायचं?

त्याच दिवशी गोट्यांमध्ये टिटवीची चार अंडी दिसली. मातकट, काळ्या ठिपक्यांची. पाऊल पडता पडता राहिलं. वर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती, आम्ही लगेच मागे फिरलो. घरट्याची नेमकी जागा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकू नये असं माझं मत आहे, कुत्र्यांइतकीच कॅमेरेवाल्यांचीही भीती वाटते. तुम्ही काय करता?

आणि पाणी. मासे जगायला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून आम्ही साडेसहाची वेळ मोडत नाही. घरी वापरता येईल असं भरवशाचं तपासणी किट पुण्यात कुठे मिळेल? मेलेले मासे दिसले तर पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, किती वेळात पोचवायचा? कुणी हे काम केलं असेल तर एखाद्या रविवारी सोबत याल का?