आजोबांच्या वस्तऱ्याला घरीच धार लावायची आहे, दगड कोणता घेऊ? (नागपूर, बजेट २,५००)

मानेवाडाकर
आजोबांची लोखंडी पेटी उघडली, त्यात त्यांचा वस्तरा सापडला. पात्यावर सोलिंगेनचा (जर्मनीतलं पात्यांसाठी नावाजलेलं शहर) छाप, मूठ काळ्या शिंगाची. पाठीजवळ गंजाचे ठिपके आणि धारेच्या मधोमध एक बारीक खाच आहे, नख अडकेल एवढी. आजोबा कामठीला नोकरीत होते, दाढी आयुष्यभर स्वतःच करायचे. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून धार साफ करायला त्यावर पातं फिरवायचे, तो आवाज अजून कानात आहे. मला हा वस्तरा कपाटात ठेवायचा नाही, यानेच दाढी करायची आहे आणि धारही माझ्याच हाताने लावायची आहे. आजवर विळीशिवाय कशाला धार लावलेली नाही. दगड आणि पट्टा मिळून २,५०० रुपये, त्यापुढे जमणार नाही.

बर्डीचा_भाऊ
सेटच घ्या. माझ्याकडे नानिवा या जपानी कंपनीचे १०००, ३०००, ८००० आणि १२००० नंबरचे (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) असे चार दगड आहेत, पदरमोड करून एकेक जमवले. १२००० वरून उतरलेलं पातं गालाला लागलेलं कळतसुद्धा नाही. स्वस्तातला घ्याल तर सहा महिन्यांनी पुन्हा हेच विचारायला याल.

मानेवाडाकर
भाऊ, बजेट वर लिहिलं आहे.

बर्डीचा_भाऊ
वाचलं. तरी सेटच घ्या. दर दोन महिन्यांनी एक घ्या, पण चांगला घ्या.

इतवारीकर
एवढी दगदग काऊन करून राहिले? लोहाओळीत विचारा, कोणीतरी मशीनवर पाच मिनिटांत धार काढून देईल. मी सुऱ्या, कात्र्या सगळं असंच देतो.

नंदनवन_७
मशीनवर अजिबात देऊ नका. मी बाबांचा वस्तरा गल्लीत आलेल्या साणवाल्याकडे दिला होता. ठिणग्या उडताना पाहत उभा राहिलो आणि थांबवलं नाही. परत आला तेव्हा धारेच्या कडेला निळी झाक होती. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की ती झाक येते, आणि वस्तऱ्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, त्याच्या बऱ्याच आधी उतरायला लागतो. आता कितीही घासा, दुसऱ्या दाढीला धार जाते. वर पात्याची रुंदीही खाल्ली गेली. बाबांनी तीस वर्षं जपलेली वस्तू मी एका दुपारी घालवली. सुरी आणि वस्तरा एक नाही, इतवारीकर.

इतवारीकर
मी फक्त सुऱ्यांचा अनुभव सांगितला, वस्तरा कधी दिला नाही.

धरमपेठ_वाचक
अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा घ्या, काम संपलं. सलूनमध्येही आता तोच असतो. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची आणि एचआयव्हीची भीती आल्यावर जुने वस्तरे मागे पडले ते बरंच झालं. तुमचा वस्तराही आधी स्पिरिटने पुसा आणि घरात दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नका.

महालकर
आमच्या वडिलांचं महालात केशकर्तनालय होतं, धोकटीतला निसणा (धार लावायचा दगड) मी शाळेत असल्यापासून हाताळला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दगड घेण्याआधी पातं तपासा. मूठ धरून पात्यावर नखाने टिचकी मारा. स्वच्छ टणकार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असू शकतो. गंज काढायला २००० नंबरचा वॉटर पेपर आणि शिलाई मशीनचं तेल पुरे. बोट पाठीकडे ठेवा, धारेवरून नेऊ नका. काळे खड्डे राहिले तरी चालतील, फक्त धारेत खड्डा नको.

आता दगड. वस्तऱ्यात कोन आपण धरायचा नसतो, तो घडवणाऱ्यानेच देऊन ठेवलेला असतो. पातं दगडावर सपाट टेकवा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी लागली पाहिजेत. साधारण १६ मिलिमीटर रुंद पातं आणि साडेचार मिलिमीटर जाड पाठ धरली तर धारेचा कोन सोळा अंशांच्या आसपास येतो. पाठ उचलली की तो बिघडतो. दगडावर धार पुढे ठेवून टाचेकडून (मुठीजवळच्या टोकाकडून) टोकाकडे तिरकं ओढायचं, मग पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. पट्ट्यावर याच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडं कापलं जाईल.

तुमच्या पैशांत एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा जोडदगड बसतो. धारेची खरी कड, म्हणजे दोन्ही अंगांचे उतार मिळतात ती रेघ, १००० वरच तयार होते. ती पूर्ण लांबीत झाल्याशिवाय ६००० वर गेलात तर सगळी मेहनत वाया. कड झाली का हे पाहायला धारेच्या दोन्ही अंगांना मार्कर फासा आणि चार फेऱ्या मारा. शाई जिथे राहिली तिथे दगड लागलाच नाही. खाचही १००० वरच जाईल, पण दाब वाढवू नका, फेऱ्या वाढवा. ६००० नंतर पट्ट्याच्या मागच्या बाजूला हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून दहा-पंधरा हात, मग साध्या चामड्यावर पन्नास. यावर गाल छान होतो, १२००० ची गरज नाही.

आणि नवा दगड सपाट असेल असं मानू नका. पेन्सिलीने चौकड्या आखा, जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून रेघा पुसल्या जाईपर्यंत घासा.

बर्डीचा_भाऊ
६००० वर थांबणं म्हणजे अर्ध्या रस्त्यात उतरणं. आणि पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावा, नाहीतर पाठ झिजते. मी दर वेळी नवी पट्टी लावतो.

महालकर
टेपच्या एका थराने कोन साधारण एक अंशाने वाढतो. एकदा लावली की पुढच्या प्रत्येक वेळी लावावी लागते. आमच्या वडिलांच्या वस्तऱ्याची पाठ चाळीस वर्षांत झिजली ती धारेबरोबरच झिजली, कोन तोच राहिला.

बर्डीचा_भाऊ
सोलिंगेनचं पातं परत मिळणार नाही, म्हणून सांगून राहिलो. खाच काढायला शेकडो फेऱ्या लागतील, तेवढ्यापुरती तरी लावा.

महालकर
खाचेपुरती लावली तर हरकत नाही. नंतर काढून कड पुन्हा बसवा.

सक्करदरा_सकाळी
दगडावर तेल की पाणी? मी खोबरेल टाकतो.

महालकर
पाणी. एकदा तेल मुरलं की तो दगड पाण्याला परत येत नाही. पात्यालाही खोबरेल नको, डिसेंबरात थिजतं. मशीनचं तेल लावा. मूठ शिंगाची आहे, मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात शिंग आकसतं आणि पिनेपाशी तडकतं. तिलाही अधूनमधून तेलाचा हात द्या.

नंदनवन_७
वर सांगितलंच आहे, तरी पुन्हा सांगतो, साणेवर देऊ नका. आणि पहिला हात आजोबांच्या वस्तऱ्यावर बसवू नका. आधी एखादा जुना, बिनकामाचा घ्या.

बर्डीचा_भाऊ
याला सहमत. फक्त ऑनलाइन मिळणारे तीन-चारशेचे वस्तरे घेऊ नका. पाठ आणि धार एका पातळीत नसतात, शिकायलाही निरुपयोगी.

महालकर
मीही हेच म्हणेन. आधी दुसरा.

मानेवाडाकर
सगळ्यांचे आभार, पण दुसरा घेत नाही. आजोबांनीही याच पात्यावर शिकलं असेल. जोडदगड मागवला, पट्टा जुन्या चामडी पट्ट्याचाच करतो. घाई करणार नाही, हा शब्द देतो.

मानेवाडाकर (तीन आठवड्यांनी)
टणकार स्वच्छ आला. दगड खरंच मधे खोलगट होता, सपाट करायला एक रविवार गेला. खाच टेप लावून काढली, तीन संध्याकाळी लागल्या, मग टेप काढून कड पुन्हा केली. काल दोन्ही गाल केले, एकही कापलं नाही. बायको म्हणाली, पट्ट्याचा आवाज आतल्या खोलीत ऐकू आला. हनुवटीपाशी मात्र ओढतो, तिथे मी टोकाचा भाग वापरतो. मार्कर लावून पाहिला तर टोकाकडची अर्धा इंच शाई तशीच राहते. काय चुकून राहिलं?

महालकर
चूक नाही, पात्याची धार टोकाकडे थोडी वर वळलेली असणार, जुन्या पात्यांत असते. फेरी टाचेवर सुरू करा आणि टोकाकडे जाताना मूठ केसभर उचला, म्हणजे टोक दगडावर टेकेल. पाठ टेकलेलीच ठेवा. १००० वर परत जा, शाई पूर्ण गेली की मगच ६०००. फोटो टाका.

बर्डीचा_भाऊ
माझ्या १२००० वर एकदा फिरवून पाहायचं असेल तर बर्डीला या. दगड भिजवून ठेवतो.