उत्तर: स्टार्ट चुकला तर?
शिडाच्या होड्यांच्या शर्यतीबद्दल ‘स्टार्ट चुकला की शर्यत गेली’ असं वर कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. गोव्यात दोना पावलला दुपारी वारा समुद्रावरून येतो. त्यात ओहोटी असली की झुआरी नदीचं पाणी होडीला वाऱ्याच्या तोंडावर ढकलतं आणि सुरुवातीची रेषा शिट्टीआधीच कधी ओलांडली ते कळतच नाही. मीही तशीच ओलांडली. परत फिरून पुन्हा निघालो, ते रागाच्या भरात सगळ्यांना सोडून एकटाच मार्गाच्या उजव्या टोकाला. शेवटून पहिला! पहिल्याला 1 गुण, दहाव्याला 10, कमी गुणवाला जिंकतो. निमूट घोळक्यामागे राहिलो असतो तर चार-पाच गुण तरी वाचले असते. आता शिट्टीआधी घड्याळापेक्षा बोयाकडे (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेकडे) जास्त बघतो. पाणी त्याला कुठल्या बाजूने घासून जातंय, त्याच्यामागे पाण्याची शेपूट केवढी लांब पडतेय, त्यावरून रेषेपासून किती मागे थांबायचं ते ठरवतो.