फ्लॅट फूट आहे, दुकानदार म्हणतो स्टेबिलिटी शूजच घ्या. खरंच गरज असते का?

टेकडीवाली
नमस्कार मंडळी. वय ४१, राहणार पुणे. दीड वर्षापूर्वी तळजाईवर चालायला सुरुवात केली, मग थोडं थोडं पळणं, आता आठवड्याला ३८-४० किमी होतात. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. जुने शूज पार झिजले म्हणून परवा एका दुकानात गेले तर त्यांनी मशीनवर उभं करून तळव्याचा रंगीत फोटो काढला आणि म्हणाले मॅडम कमान पूर्ण बसलेली आहे, साधे न्यूट्रल घातलेत तर गुडघे जातील, स्टेबिलिटीच घ्या, म्हणजे आतल्या बाजूने आधार देणारे. जोड तेरा हजारांचा! मी विचार करून येते म्हणून निघाले.
घरी मागच्या शहाबादी फरशीवर ओला पाय उमटवून बघितला तर खरंच अख्खा तळवा उमटला, आतल्या बाजूची खोबण नाहीच. आईचा पायही असाच आहे. पण जुने शूज न्यूट्रलच होते आणि त्यात मला इतके दिवस काही झालं नाही, आता तीन आठवड्यांपासून मात्र डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखतंय, पळायला सुरुवात केली की जास्त, मग कमी होतं, रात्री परत ठणकतं. हे कमानीमुळे का? पैसे घालायची तयारी आहे पण चुकीच्या गोष्टीवर नकोत.

पहाटे_पाच
ताई थांबलात ते फार बरं केलंत. मी १४ वर्षं पळतोय, मुंबईत, आणि माझाही तळवा सपाट. सुरुवातीला मलाही हेच सांगितलं होतं, सपाट पाय म्हणजे पाऊल आत कलंडणार, म्हणजे आतून घट्ट असलेला शूज, खोल कमान म्हणजे मऊ न्यूट्रल, मधली कमान म्हणजे मधलं काहीतरी. ऐकायला इतकं पटतं की कोणी तपासतच नाही.
तपासलं ते अमेरिकन आर्मीने. फोर्ट जॅक्सन या त्यांच्या प्रशिक्षण तळावर नव्या भरतीच्या जवानांचे दोन गट केले, एकाला तळव्याच्या ठशाप्रमाणे शूज दिले, दुसऱ्या गटाला ठसा कसाही असो सरसकट स्टेबिलिटी शूज. २००९ साली निकाल छापून आला, दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरकच नाही. मग एअर फोर्स आणि मरीनमध्येही तसंच करून बघितलं, तिथेही तेच. डेन्मार्कमध्ये तर ९२७ नवशिक्या लोकांना एकाच प्रकारचे न्यूट्रल शूज देऊन वर्षभर पळू दिलं, त्यात पाऊल आत कलंडणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या असं काही दिसलं नाही.
आणि ओल्या पायाचा ठसा म्हणजे तुम्ही उभ्या असतानाचा पाय. पळताना पाऊल टेकल्यावर ते किती आत वळतं हे त्या फरशीवर दिसत नाही. थोडं आत वळायलाच हवं, दणका जिरतो तो त्यानेच.

नाशिककर_फिजिओ
वरच्यांशी सहमत, पण दुखण्याचं आधी बघू. नडगीची आतली कडा बोटाने दाबत खाली या. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त पळण्याने नडगीच्या कडेवर आलेला ताण. पण एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल, किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर पळणं लगेच बंद करून ऑर्थोपेडिकना दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती अंगावर काढायची गोष्ट नाही.
दुसरं, चवड्यांवर उभ्या राहा आणि मागून कोणाला तरी बघायला सांगा. टाचा उचलल्यावर कमान वर येत असेल तर तुमचा पाय लवचिक सपाट आहे, बहुतेकांचा असाच असतो आणि तो आजार नाही. अजिबात येत नसेल, किंवा एका पायावर टाच उचलता येत नसेल, किंवा घोट्याच्या आत मागच्या बाजूला सूज असेल, तर मात्र दाखवाच.
आणि मुख्य प्रश्न, किलोमीटर कधी वाढवले?

टेकडीवाली
पट्टाच दुखतोय, चांगला वीतभर, एका जागी कळ नाही. उडी मारता येते. मुलीला मागे उभं करून टाचा उचलल्या तर म्हणाली आई कमान दिसतेय की!
किलोमीटरचं म्हणाल तर गेल्या महिन्यापर्यंत २४-२५ च होते. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचं असतं म्हणून सिंहगडाच्या रस्त्याने वर-खाली सुरू केलं, आठवड्यातून दोनदा.

नाशिककर_फिजिओ
मग उत्तर तिथेच आहे. महिन्यात २५ चे ४० आणि वर उताराचं पळणं, तेही झिजलेल्या शूजमध्ये. दोन आठवडे सपाटीवर १५-२० वर या, उतार बंद, रोज पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करा, आधी दोन्ही पायांवर आणि जमलं की एकेकावर. दुखणं गेलं की दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवा.

घाटमाथा
मी थोडं वेगळं सांगते. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर सहा महिने प्रयोग झाला होता, २०१६ मध्ये छापला, त्यात ज्यांची पावलं मुळात आत कलंडलेली होती त्यांना आधाराच्या शूजमध्ये कमी दुखापती झाल्या. म्हणजे स्टेबिलिटी शूज बिनकामाचे असं नाही. माझा स्वतःचा घोटा दहा किमीनंतर दमून आत पडायचा, अॅसिक्सचे जीटी-२००० हे स्टेबिलिटी शूज घेतल्यापासून खूप बरं आहे. आता आधारही पूर्वीसारखा कडक नसतो, आतल्या बाजूला जो राखाडी घट्ट फोम असायचा तो त्यांच्याच कायानो या स्टेबिलिटी शूजने सुद्धा २०२३ च्या ३० व्या मॉडेलपासून काढलाय, रुंद तळ देतात. घालून बघा, पायाला बरं वाटलं तर घ्या, गुडघे जातील या भीतीने घेऊ नका.

खोल_कमान
माझं उलट टोक, ओला पाय उमटवला तर टाच आणि चवडा वेगवेगळे दिसतात, मध्ये काहीच नाही. मला शूजच्या प्रकारापेक्षा लेस नडल्या, पावलाचा उंचवटा दाबला जाऊन बोटं बधिर व्हायची. मधली एक ओळ आडवी न ओवता नुसती सरळ वर नेली आणि प्रश्न सुटला.

पहाटे_पाच
ताई, दुकानात संध्याकाळी जा, पाय तेव्हा जरा सुजलेले असतात. पळायचे मोजे घेऊन जा, जुने शूजही न्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात ती तिथे जागा नसल्यानेच. सपाट पाय बऱ्याचदा पुढे पसरटही असतो, तर रुंद मापाचे मागा. दोन-तीन जोड घालून दुकानाबाहेर पळून बघा, जो पायात असल्याचं विसरायला होईल तो घ्या. टाच चवड्यापेक्षा जुन्या जोडात जितकी उंच होती तितकीच असलेला बघा, एकदम चपटा घेतलात तर पोटरीवर ताण येईल.

टेकडीवाली
काल संध्याकाळी दुसऱ्या दुकानात जाऊन आले. तो तेरा हजारांचा प्रकारही घालून बघितला, कमानीखाली सारखं काहीतरी टोचल्यासारखं होत होतं. शेवटी न्यूट्रलच घेतले, रुंद मापाचे, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, साडेसात हजारांना. सिंहगड महिनाभर बंद. आज सकाळी सपाटीवर तीन किमी हळू पळाले, नडगी अजून बोलतेय पण कमी. पायरीवरचा व्यायाम मुलीबरोबर सुरू केलाय, पंधरा दिवसांनी कसं आहे ते इथेच लिहीन.