एमजीबी गाडीला ट्विन एसयू कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) बसवलेत, पुढचा काही केल्या सेट होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे न्यू जर्सीत माझ्याकडे १९७७ ची एमजीबी आहे, १७९८ सीसी. अमेरिकेसाठी बनवलेल्या या गाड्यांना तेव्हा एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब यायचा, तो काढून जुने वापरलेले एसयू एचएस४ ची जोडी बसवलीये. मूळचा इनटेक-एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारे आणि धूर बाहेर काढणारे पाइप) एकत्र असतो म्हणून दोन्ही वेगळे घ्यावे लागले, खर्च विचारू नका!

दोन्ही जेट (पेट्रोल वर येतं त्या नळ्या) ब्रिजच्या (कार्बच्या आतल्या सपाट कडेच्या) लेव्हलला आणून जेटचे नट दोन पूर्ण फेरे खाली केले, डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या नळीत) २० ग्रेडचं तेल भरलं, दोन्ही कार्ब जोडणाऱ्या मधल्या दांडीचे क्लॅम्प ढिले करून कानाला नळी लावून दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा केला. मागचा कार्ब शहाण्यासारखा वागतो, पिन दाबून पिस्टन किंचित उचलला की आरपीएम जरासा वाढून परत जागेवर येतो. पुढच्याचा उचलला की इंजिन लगेच बसायला लागतं म्हणजे लीनच (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, नट अजून खाली घेतला तरी तेच आणि आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) १२०० च्या खाली उतरतच नाही.

पुढच्या कार्बच्या थ्रॉटल स्पिंडलच्या (हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीच्या) टोकाशी कार्ब क्लीनर मारला तर आरपीएम बदलतो, मॅनिफोल्ड गॅस्केटपाशी मारला तर काही नाही. म्हणजे स्पिंडलपासूनच हवा ओढतोय ना? नुसता नवीन स्पिंडल टाकून भागेल की बॉडी रीम करून (भोक मोठं करून) बुशच (आतल्या बाह्या) बसवावे लागतील? घरी कुणी केलंय का हे, भोक सरळ रेषेत कसं ठेवलंत?