‘संचारी रोग’ मराठीत कसं लिहावं?

रंकाळाकाठ
आमच्या शाळेच्या आरोग्य सप्ताहासाठी एक भित्तिपत्रक मराठीत करतोय. मूळ मजकूर हिंदीतला आहे आणि त्यात दिल्लीच्या एका संस्थेचं जुनं नाव आलंय : राष्ट्रीय संचारी रोग संस्थान. लिपी देवनागरीच आहे तर नाव तसंच राहू दे, असं स्टाफरूममध्ये बहुमत आहे. मला पटत नाही. आपल्याकडे ‘संचार’ म्हटलं की एक तर संचारबंदी, नाहीतर जोतिबाच्या यात्रेत कुणाच्या तरी अंगात आलेला संचार. सातवीतली पोरं ‘संचारी रोग’ वाचून थेट देवर्षी गाठतील. साथीचे, संसर्गजन्य, संक्रामक, सांसर्गिक असे पर्याय समोर आहेत. कुठला घ्यावा?

दुसरं, ही संस्था काय करते हेही दोन ओळींत लिहायचंय. तिचं आताचं नाव राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे नावात ‘रोग नियंत्रण’ आहे. मग ‘देशातील रोग नियंत्रणात आणणारी संस्था’ असं लिहिलं तर चालेल का?

जुना हिवतापवाला
सर, आधी ‘साथीचे’ बाद करा. एका भागात, एका काळात, नेहमीपेक्षा जास्त माणसं एकाच आजाराने पडू लागली की ती साथ. म्हणजे साथ ही रोगाची त्या वेळची चाल आहे, त्याची जात नव्हे. क्षयरोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, पण ‘गल्लीत टीबीची साथ आल्या’ असं आपण म्हणत नाही. रेबीज पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून येतो, त्याचीही साथ म्हणत नाही. पण रेबीज नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हीच संस्था बघते. ‘साथीचे रोग’ लिहिलंत की हे दोन्ही बाहेर राहिले.

‘सांसर्गिक’ आणि ‘स्पर्शजन्य’ दुसऱ्या टोकाला चुकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, शिवलं की झालं. हिवताप डासाशिवाय पसरत नाही, रोग्याच्या उशाशी रात्रभर बसलात तरी काही होत नाही. नारू, म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा दोऱ्यासारखा जंत, तर त्याहून भारी उदाहरण. पायातून नारू बाहेर पडत असलेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचा, अळ्या पाण्यात जायच्या, पाण्यातला सूक्ष्म सायक्लॉप्स त्या खायचा आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात सुमारे वर्षभराने नारू तयार. दोघांची आयुष्यात गाठ पडलेली नसली तरी रोग एकाचा दुसऱ्याला झालेला असतो. स्पर्श नाही, सहवास नाही.

म्हणून ‘संसर्गजन्य’ घ्या. सरकारी कागदात तोच रुळलाय आणि पोरांनी कोविडच्या काळात ऐकलेलाही आहे. ‘संक्रामक’ अर्थाने अचूक आहे, पण मुलांना त्यातून फक्त संक्रांत आठवेल.

शिरोळचा ऊसवाला
‘लागण होणारे रोग’ का नको? साधा शब्द आहे. फक्त आमच्याकडं गडबड अशी, की ‘यंदा लागण किती?’ म्हटलं की माणूस उसाचे एकर सांगतो. आडसाली लागण, पूर्वहंगामी लागण, मग खोडवा. कोविडात टीव्हीवर ‘जिल्ह्यात आणखी शंभर जणांना लागण’ असं आलं, तर आमचा म्हातारा म्हणाला, पाणी कुठनं आणलं एवढ्यांनी?

शाहूपुरी
हसून पुरेवाट. पण शब्द चुकीचा नाही हं. लावणं, लागणं, लागण. रोगही लागतोच की. क्रियापद म्हणून ‘लागण होते’ ठेवावं आणि विशेषण ‘संसर्गजन्य’.

मला मात्र हिवतापवाले काकांचं ‘साथ’ बाद करणं मंजूर नाही. कायद्याचंच नाव बघा. 1897 चा कायदा मराठी शासन निर्णयांत ‘साथरोग’ म्हणूनच येतो. मार्च 2020 मध्ये राज्याने तोच लागू केला. जिल्हा परिषदेत साथरोग, दवाखान्याच्या फलकावर साथरोग, वर्तमानपत्रात साथरोग. मग शाळेच्या भिंतीवरच वेगळा शब्द कशाला?

जुना हिवतापवाला
ताई, कायदा साथीसाठीच आहे. प्लेगच्या धास्तीने केलेला. साथ आली की प्रशासनाने काय करायचं, कुठले अधिकार वापरायचे, एवढंच तो सांगतो. तिथे ‘साथरोग’ बरोबरच. संस्थेचं काम मात्र साथ नसतानाही चालू असतं, किंबहुना जास्त तेव्हाच चालतं. म्हणून नाव रुंद हवं.

आता नियंत्रणाचं. सर, तुमचं वाक्य तसं छापू नका. त्यातून असा समज होतो की दिल्लीत एक यंत्रणा बसलीय आणि रोग वाढला की ती येऊन दाबते. आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्यात रोग पसरू न देणं, हे समवर्ती सूचीत. त्यामुळे कोल्हापुरात विहिरीत क्लोरीन टाकायचं, घरोघर फिरायचं, टँकर लावायचा, पाण्याची गळती शोधायची, हे ग्रामपंचायत, महापालिका, जिल्हा परिषद आणि राज्याचा आरोग्य विभाग करणार. दिल्लीचं केंद्र आदेश देत नाही. ते माहिती गोळा करतं, तिचा अर्थ लावतं, नमुने तपासायला मदत करतं, माणसं तयार करतं, आणि राज्याने मागितलं किंवा प्रकरण मोठं दिसलं तर पथक पाठवतं.

या संस्थेची वंशावळ बघितली की हे पटतं. सुरुवात 1909 ला कसौलीत, केंद्रीय मलेरिया ब्यूरो म्हणून. 1927 ला मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया झालं. 1938 ला दिल्लीत हलवलं आणि नाव मलेरिया इन्स्टिट्यूट. एका तापाचा अभ्यास करता करता तयार झालेली माणसं आणि प्रयोगशाळा बाकीच्या रोगांनाही उपयोगी पडतात हे दिसल्यावर 1963 मध्ये तिची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था केली. तुमच्या हिंदी कागदावरचं ‘संचारी’ ते हे. 2009 मध्ये राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र झालं आणि ‘संचारी’ गळलं. गळायलाच हवं होतं. आता तिथे उष्माघाताच्या नोंदी बघतात, हवामानबदल आणि आरोग्य हा कार्यक्रमही तिथेच आहे, सर्पदंशाचाही. सापाची काही लागण होत नाही.

इचल_यंत्रमाग
काका, नमुने पुण्याला जातात ना? एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला. मग दिल्लीचं काम काय?

जुना हिवतापवाला
पुण्याची एनआयव्ही ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची संस्था. 1952 ला विषाणू संशोधन केंद्र म्हणून निघाली. विषाणू कुठला, कसा, बदलला का, हे तिचं क्षेत्र. दिल्लीचं केंद्र आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाखाली येतं. तिथेही प्रयोगशाळा आहेत, पण मुख्य प्रश्न वेगळा : कुठे, केव्हा, किती जणांना आणि कशातून?

तुमच्या गावातलंच घ्या. 2012 ची इचलकरंजीची कावीळ. प्रयोगशाळा सांगेल, ही हिपॅटायटिस ई आहे. ते कळलं तरी साथ थांबत नाही. कुठल्या पेठेत रुग्ण जास्त, त्या पेठेला पाणी कुठल्या टाकीतून, नळाची वाहिनी गटाराशेजारून कुठे जाते, हे जोडणारा माणूस लागतो. तसा माणूस तयार करणं हे दिल्लीच्या केंद्राचं फार जुनं काम आहे, आणि त्याचा गाजावाजा सगळ्यांत कमी होतो. मला विचाराल तर पथक पाठवण्यापेक्षा हे मोठं.

उपकेंद्र_करवीर
मी फिल्डवर आहे म्हणून एक भर घालते. आमच्या रोजच्या बोलण्यात ‘एस, पी, एल’ असतं. उपकेंद्रात आम्ही फक्त लक्षणं नोंदवतो : ताप, पुरळ, जुलाब, खोकला. तो एस. डॉक्टर तपासून संशयित निदान लिहितात तो पी. प्रयोगशाळेने पक्कं केलं की एल. नोव्हेंबर 2004 पासूनचा हा कार्यक्रम, एकात्मिक रोग सर्वेक्षण. आधी आठवड्याला कागद जायचा, आता 2021 पासून पोर्टलवर भरतो. जिल्हा, राज्य आणि शेवटी दिल्लीचं केंद्र. लोक विचारतात, नुसत्या जुलाबाची नोंद करून काय होतं? एका वाडीत नेहमी दोन-तीन असतात तिथे एका आठवड्यात पंधरा दिसले, तर रिपोर्ट यायच्या आधीच आम्ही टाकी बघायला जातो. एस फॉर्मचा उपयोग तो.

आता शब्दाविषयी माझी तक्रार. याला ‘सर्वेक्षण’ म्हणतात ते मला खटकतं. सर्वेक्षण म्हणजे आम्हाला घरं मोजत फिरायचं काम वाटतं. ते संपतं. हे कधी संपत नाही.

शाहूपुरी
अगदी! ‘पाळत’ हा खरा शब्द. पण तो पोलिसांनी नेला. रोगावर पाळत ठेवायची म्हटलं तर लोकांना वाटेल, रोग्यावर ठेवली.

रंकाळाकाठ
‘निगराणी’? फारसीतून आलेला असला तरी आपल्याकडे रुळलाय. आणि त्याच्याच घरातला ‘निगा’ मराठीत येऊन काळजीवाचक झाला, हे मला आवडतं. लक्षही ठेवायचं आणि काळजीही घ्यायची.

उपकेंद्र_करवीर
सर, गोड आहे. पण कार्यक्रमाचं नाव बदलू नका, पालक आमच्याकडे येऊन ‘निगराणी’ विचारतील आणि आम्हाला कळणार नाही. नाव ‘सर्वेक्षण’ ठेवा, वर्णनात ‘सतत लक्ष ठेवणे’ म्हणा.

शिरोळचा ऊसवाला
आणि ‘उद्रेक’? पेपरात पाच जणांना डेंगी झाला तरी उद्रेक, ज्वालामुखीगत.

उपकेंद्र_करवीर
दादा, पाचाचासुद्धा होतो. आकडा मोठा हवा असं नाही, अपेक्षेपेक्षा जास्त हवा. पोलिओ इतकी वर्षं नाही, उद्या एक जरी सापडला तरी उद्रेक समजूनच धावायचं. ‘साथ’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गाव आडवं पडलेलं येतं. म्हणून लहान, एका ठिकाणच्या वाढीला वेगळा शब्द लागतो. ‘उद्रेक’ भडक आहे, पण दुसरा नाही.

जुना हिवतापवाला
सर, जाता जाता आणखी एक जोडी सांभाळा : निर्मूलन आणि दूरीकरण. देवी आणि नारू यांना ‘निर्मूलन’ शोभतं. नारूच्या कार्यक्रमाची सूत्रं याच संस्थेकडे होती. लस नाही, औषध नाही. फडक्याने पाणी गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप देणं, आणि रुग्ण शोधत गावोगाव फिरणं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मधला, आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. क्षयाला मात्र ‘दूरीकरण’ म्हणतात. तिथे रोग एका ठरावीक पातळीखाली आणायचा असतो, मुळासकट उपटायचा नसतो. हिंदी मजकुरात दोन्हींना ‘उन्मूलन’ असेल, तर ते तपासून घ्या.

रंकाळाकाठ
तपासतो. मसुदा असा केलाय :

‘राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, दिल्ली (पूर्वीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था). कुठला आजार कुठे वाढतो आहे यावर हे केंद्र देशभर सतत लक्ष ठेवतं, त्यामागचं कारण शोधायला राज्यांना मदत करतं अन् हे काम करणारी माणसं शिकवून तयार करतं. आजार रोखण्याचं प्रत्यक्ष काम तुमच्या गावातली आरोग्य यंत्रणा आणि तुम्ही करता.’

शाहूपुरी
‘तुम्ही करता’ छान. ‘अन्’चं ‘आणि’ करा, शाळेचं आहे.

उपकेंद्र_करवीर
आणि खाली आमच्या उपकेंद्राचा फोन टाका. एका घरात दोघांना जुलाब झाले तरी कळवा म्हणावं.